गालावरचा गरम वारा

समजा, तुमच्यासमोर एक कॉम्प्युटर उघडा पडलाय. त्याचा प्रोसेसर, म्हणजे काडेपेटीएवढा एक चौकोनी तुकडा, सात मिनिटांत शंभर अंशांवर जातो आणि मशीन स्वतःचा जीव वाचवायला बंद पडतं. तुम्हाला ते बरं करायचंय. पंखा काढा, त्यामागची, उष्णता ओढून घेणारी पत्र्यांची जुडी उचला, तिच्याखालची वाळून खडू झालेली जुनी पेस्ट पुसा, नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी ठेवा, सगळं होतं तसं बसवा. वीस मिनिटांचं काम. आता समजा, हेच काम तुम्ही तीन दिवसांत चौथ्यांदा करताय, आणि शेजारच्या पलंगावर तुमचा थोरला भाऊ पडलाय, ज्याचं सगळं बोलणं या एका खोक्यातून बाहेर येतं. आता धरा बघू स्क्रू ड्रायव्हर सरळ.

फुंकऱ्याला तो धरता येत नव्हता. चौथा स्क्रू दोनदा सुटून पलंगाखाली गेला आणि दोन्ही वेळा वहिनीने शोधून दिला.

फुंकऱ्या हे त्याचं बाजारातलं नाव. जिन्याखालच्या त्याच्या दुकानात कुठलंही मशीन आलं की तो झाकण उघडून आधी एक लांब फुंकर मारायचा, मग गिऱ्हाइकाकडे वळून विचारायचा, "हं, आता सांगा काय होतंय." अर्धी मशीनं त्या फुंकरीनेच सुरू व्हायची, असं शेजारचा मोबाइलवाला सांगायचा. "याच्या हाताला नाही, फुफ्फुसाला गुण आहे," म्हणायचा. बावीस वर्षं झाली त्या जिन्याखाली. त्याच्याकडून काम शिकून गेलेल्या पोरांची आज गावभर दुकानं होती, आणि त्यांना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकायला लावायचा: वारा कुठून येतो, कुठे जातो. बाकी सगळं नंतर.

ही शिकवण त्याची स्वतःची नव्हती. ती दादाची होती.

दादा बस चालवायचा. वडील गेले तेव्हा फुंकऱ्या सात वर्षांचा आणि दादा एकोणीसचा. सुट्टीच्या दिवशी दादा त्याला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवून फेरीला न्यायचा. एकदा चढणीवर गाडी तापली, बॉनेटमधून वाफ निघाली, आणि अर्धी गाडी एका सुरात ओरडायला लागली, "पाणी ओता, पाणी ओता!" दादा शांतपणे खाली उतरला, वाकून पाहिलं आणि रेडिएटरच्या जाळीला चिकटलेलं प्लॅस्टिकचं एक पोतं ओढून काढलं. "इंजिन तापलं की माणूस आधी इंजिनाला शिव्या घालतो," तो म्हणाला. "इंजिन बिचारं काय करणार? आधी बघ, वाऱ्याची वाट कुणी अडवली."

चार वर्षांपूर्वी याच दादाच्या हातातून स्टिअरिंग सुटायला लागलं. मग पाय गेले, मग मान, मग आवाज. कातडीला सगळं कळत होतं, हलत मात्र काही नव्हतं. शाबूत राहिले दोन डोळे आणि सगळे टोमणे. फुंकऱ्याने दोन महिने खपून मशीन बसवलं. पलंगावर पाइपला टांगलेला पडदा, त्याच्याखाली छोटा कॅमेरा, आणि उशाजवळच्या स्टुलावर खोकं. दादा पडद्यावरच्या अक्षराकडे टक लावून पाहायचा, कॅमेरा बुबुळ ओळखायचा, अक्षर उमटायचं. शब्द पुरा झाला की मशीन तो मोठ्याने बोलायचं. आवाज बाईचा होता, दुसरा मिळालाच नाही.

"सवत आणून बसवलीत भाऊजी तुम्ही माझ्या घरात," वहिनी म्हणाली होती. "आणि हे दिवसभर तिच्याच तोंडाकडे बघत बसणार."

त्यावर दादाने पाच मिनिटं घालवून उत्तर दिलं होतं. बाईच्या आवाजात खोकं म्हणालं, "ती. कमी. बोलते."

ते दिवस हसायचे होते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी फुंकऱ्याला दाराबाहेर नेऊन सांगितलं, आता डोळेही थकायला लागलेत. पापण्या त्याच्या इच्छेने मिटत नाहीत, म्हणजे हो-नाही विचारायचीही सोय गेली. बुबुळाची हालचाल एवढी बारीक झालीय की ती तुमच्या-माझ्या नजरेला दिसायची नाही, कॅमेऱ्याला दिसते तोवर दिसेल. काय बोलायचं ते बोलून घ्या.

त्या दुपारी हाताला काहीतरी काम हवं म्हणून फुंकऱ्याने मशीन उघडलं आणि पुसून लख्ख केलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो आतला आणि मागचा असे दोन्ही पंखे काढून पुसत होता. आठवडा ठीक गेला. मग उन्हं तापली आणि मशीनही.

सोमवारी सकाळी दादाने काहीतरी लांबलचक बोलायला घेतलं. नळीतून दूध दिल्यानंतरचा, दहा ते साडेअकरा एवढाच त्याचा चांगला वेळ. फुंकऱ्या शेजारी खुर्चीवर बसला होता. एकेक शब्द येत होता.

"फोरमनला. तुझं. नाव. मीच. कापायला. सांगितलं. कारण."

आणि पडदा काळा झाला.

फुंकऱ्या पडद्याकडे बघतच राहिला. वहिनीला काही कळलं नाही. तिचं लग्न त्यानंतरचं. "कुठला हो फोरमन?" तिने विचारलं.

कुठला फोरमन! सोळाव्या वर्षी फुंकऱ्याला दादाच्याच बस डेपोत शिकाऊ मेकॅनिक म्हणून घेणार होते. नाव यादीत लागलं होतं, त्याने स्वतः पाहिलं होतं. निळा डगला शिवायला मापंही दिली होती. आठ दिवसांनी पाहिलं तर त्याच्या नावावर लाल रेघ. तीस वर्षं त्याने त्या फोरमनला शिव्या घातल्या. तो वारला तेव्हा सगळा डेपो पोचवायला गेला, हा गेला नाही. त्या रागातच तो एका कॉम्प्युटर क्लासात झाडू मारायला लागला, झाडता झाडता मशीनं उघडायला शिकला. सगळं आयुष्य त्या लाल रेघेतून निघालं होतं. आणि आता कळत होतं, ती रेघ दादाने मारायला लावली होती. कारण?

कारण काय?

मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा दादाचे डोळे थकले होते. मंगळवारी अकरा मिनिटांत बंद. बुधवारी सात. फुंकऱ्याने पेस्ट बदलली. पत्र्यांची जुडी बदलली. मोबाइलवाला पळत जाऊन दुसऱ्या कंपनीची पेस्ट घेऊन आला, तीही लावली. बाजूचं झाकण काढून ठेवलं, दोन मिनिटं वाढली. शेवटी प्रोसेसरचा वेगच कमी केला. मशीन गार राहिलं, पण एवढं मंद झालं की कॅमेऱ्याला बुबुळच सापडेना. पडद्यावर नुसतं यायचं: डोळा दिसत नाही.

"दुसरं मशीन नाही का जोडता येणार?" वहिनीने विचारलं.

"दोन वर्षं लागलीत याला दादाचा डोळा शिकायला, वहिनी. नव्याला शिकवायचं तर दादाने अर्धा तास ठिपक्यामागे डोळे फिरवायला हवेत. आणि हा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चढत नाही. बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेले."

"मग?"

"मग काय! बावीस वर्षं लोकांची मशीनं बरी केली, आणि स्वतःच्या घरी—" त्याने स्क्रू ड्रायव्हर फेकला. तो भिंतीवर आपटून दूध गरम करायच्या भांड्यात पडला.

वहिनीने तो काढला, पदराला पुसला आणि त्याच्या हातात ठेवला. "आदळआपट करून ते गार होत असेल तर अजून दोन भांडी आणून देते," ती म्हणाली. "नाहीतर बसा खाली."

गुरुवारी दहा वाजता त्याने मशीन चालू केलं. नवीन काहीच केलेलं नव्हतं. करण्यासारखं उरलंच नव्हतं. तो दादाच्या कानाशी वाकला.

"दादा, सात मिनिटं आहेत. फार तर नऊ. बाकी काही नको. कारण म्हणालास, तिथून पुढचं सांग. एक शब्द सांग. मी समजून घेईन."

दादाचं बुबुळ हललं असावं, कारण पडद्यावरची, नजरेबरोबर सरकणारी खूण हलली. फुंकऱ्या एका डोळ्याने पडदा आणि दुसऱ्याने तापमानाचा आकडा बघत होता. बासष्ट. एकोणसत्तर. पहिला शब्द आला.

"गरम."

वहिनीने चटकन पांघरूण काढलं. खूण पुढे सरकत राहिली. अठ्ठ्याहत्तर.

"वारा."

"दादा, ते राहू दे रे! फोरमनचं सांग!" फुंकऱ्या जवळजवळ ओरडला. शहाऐंशी. खूण तशीच, हट्टी ड्रायव्हरने गिअर न बदलता चढण चढावी तशी, एका अक्षरावरून दुसऱ्यावर जात होती.

"गालावर." त्र्याण्णव. "येत." सत्त्याण्णव.

"नाही."

आणि पडदा काळा.

फुंकऱ्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "सात मिनिटं," तो म्हणाला. "सात मिनिटं होती हातात, आणि हा वाऱ्याबद्दल बोलतोय."

वहिनी मात्र नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "पूर्वी यांचा हा गाल कायम कोमट लागायचा. दाढी करताना मला कळायचं. या खोक्याच्या मागून गरम वारा यायचा ना यांच्या तोंडावर. मी म्हणायचेसुद्धा, सवत श्वास सोडतेय. हल्ली गार असतो गाल."

फुंकऱ्या उठला. स्टुलावरच्या खोक्याची पुढची बाजू खोलीकडे होती, पाठ दादाकडे. तीन दिवस तो पुढून आणि बाजूने काम करत होता. पाठीमागून त्या मशीनकडे बघणारा खोलीत एकच माणूस होता.

त्याने कापसाचा एक धागा ओढला, मशीन चालू केलं आणि धागा मागच्या जाळीपाशी धरला. धागा बाहेर उडायला हवा होता. तो आत ओढला गेला आणि जाळीला चिकटून थरथरत राहिला.

मागचा पंखा उलटा बसवलेला होता. आतला पंखा पत्र्यांमधून गरम हवा मागे ढकलत होता आणि मागचा तीच हवा परत त्यांच्यावर. दोघे समोरासमोर उभे राहून भांडत होते आणि वाऱ्याला जायला वाट नव्हती. पंख्याच्या कडेवर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण कोरलेला असतो. "बाण बघा, गाढवांनो, बाण," असं तो पोरांना बावीस वर्षं ओरडत आला होता. त्या दुपारी पंखा पुसताना त्याच्या डोळ्यांना बाण दिसला नव्हता. आणि पंखा आपण स्वतः साफ केलाय, या घमेंडीत तीन दिवसांत त्याने तो एकदाही तपासला नव्हता.

चार स्क्रू. पंखा फिरवला, बसवला. आकडा पासष्टवर गेला, थोडा डळमळला आणि अठ्ठावन्नला येऊन थांबला. अर्धा तास तिथेच राहिला. वहिनीने दादाच्या गालापाशी हात धरला. "आला," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

पण साडेअकरा होऊन गेले होते. दादाचे डोळे अर्धवट उघडे, स्थिर. पडद्यावर: डोळा दिसत नाही.

शुक्रवारी दहाला मशीन चालू केलं. शनिवारी केलं. रविवारी फुंकऱ्याने दुकान उघडलंच नाही. तो दादाची पापणी बोटाने अलगद वर धरून बसला, हात भरून आला की वहिनी धरायची. एकदाच, क्षणभर, खूण पडद्यावर आली, अक्षरांवरून थोडी घरंगळली आणि विझली. अक्षर उमटलं नाही. मशीन आता दिवसच्या दिवस चालत होतं, न थकता, अठ्ठावन्नवर. वेळच वेळ होता.

बाजारात गिऱ्हाइकं खोळंबली होती. मोबाइलवाल्याचे फोन येत होते. फुंकऱ्या खुर्चीवर बसून राहिला. तोच एक विचार फिरून फिरून यायचा. दादाने हिशेब केला असेल: आधी गाडी चालू करू, मग वाटेत निवांत बोलू. ड्रायव्हर माणूस, असाच विचार करणार. पण आपले डोळे किती दिवसांचे आहेत, हे दादाला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. मग कदाचित त्याला कारण सांगायचंच नसेल. तोंडातून निघून गेलं, नंतर पस्तावला असेल. किंवा ते कारणच एवढं लहान असेल, की धाकट्याचं मशीन दुरुस्त होण्यापुढे त्याला ते सात मिनिटांच्या लायकीचं वाटलं नसेल.

खोक्याच्या मागून गरम वारा येत होता. त्याने दादाच्या कानावरची पांढरी बट हलत होती. फुंकऱ्याने पापणी पुन्हा वर धरली, आणि बुबुळाच्या अगदी समोर तोंड नेऊन, लहानपणी मागच्या सीटवरून विचारायचा तसं, विचारलं,

"दादा, कारण सांगायचं सोडून तू मला पंखा का सांगितलास रे?"