शेरा : बरे

टिपणीताईंची बढती एका दोन अक्षरी शब्दापायी अडली होती. शब्द होता ‘बरे’.

कार्यालयात त्यांना टिपणीताई म्हणत, कारण कुठलीही अडलेली फाईल त्यांची टिपणी पडली की चालू लागे. साहेबलोक खाली सही करून मोकळे. ताई मात्र वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत, न उघडणाऱ्या खिडकीपाशी. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना तर टिपणीत कर्ता कुठे नि क्रियापद कुठे, हेही ताईंनीच शिकवलेलं. पण गृहस्थांचे साहेब ज्याला त्याला ‘अत्युत्कृष्ट’चे शेरे वाटत सुटलेले. ते गृहस्थ आता काचेच्या केबिनमधून ताईंना विचारतात, टिपणीला इतका उशीर का म्हणून. कुणाचंही डोकं फिरेल.

ताईंच्या वाट्याला आले काटकसरसाहेब. काटकसर पैशाची नव्हे, शब्दांची. ताईंच्या टिपणीतलं प्रत्येक विशेषण ते लाल पेन्सिलीने उडवायचे, आणि वार्षिक गोपनीय अहवालात दरवर्षी एकच शेरा मारायचे : ‘काम बरे.’ गोपनीय म्हणे, सगळ्या कार्यालयाला पाठ होता तो. पदोन्नती समितीने तो वाचला, तोंड वाकडं केलं आणि ताईंचं नाव बाजूला ठेवलं. पुढल्या वर्षी ताई निवृत्त होणार, म्हणजे हीच शेवटची संधी. समितीतल्या एकाने तेवढी मेहरबानी केली. “त्या साहेबांकडून खुलासा आणा,” तो म्हणाला, “मग बघू.”

साहेब निवृत्त होऊन एका इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होते. लिफ्ट अर्थातच बंद. जिना चढताना ताई एकच शब्द घोकत होत्या : अत्युत्कृष्ट.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “पण बरं म्हणजे बरंच की,” ते म्हणाले. “आणखी काय पाहिजे?”

“साहेब, लोक त्याचा अर्थ जेमतेम असा घेतात.”

“घेऊ देत. बाकीच्यांना मी ‘ठीक’ लिहायचो. ‘बरे’ अख्ख्या नोकरीत फक्त तुम्हाला लिहिलंय.”

ताईंना हसावं की रडावं कळेना. एवढं मनात होतं, तर तेव्हा तोंडाला काय कुलूप लावलं होतं?

साहेबांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. “माझ्या स्वयंपाकालाही ‘बरा आहे’ म्हणतात,” त्या ताईंना म्हणाल्या, “आणि दोनदा मागून घेतात.” मग नवऱ्याकडे वळल्या. “लिहा ना त्यांना हवं ते. तुमच्या खिशातलं काय जातंय?”

साहेबांनी कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. “खोटं मी लिहीत नाही. पण तुमचं काम माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त जाणता. तुम्ही सांगाल तो शब्द लिहितो. बोला, कसं आहे तुमचं काम?”

शब्द ताईंच्या जिभेवर होता. तेवढ्यात त्यांना स्वतःच्या टिपण्या आठवू लागल्या. ही जरा लांबलेली. त्या दुसरीतलं शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं.

“बरं आहे,” ताई म्हणाल्या.

साहेबांच्या पत्नींनी कपाळावर हात मारला. साहेबांचा चेहरा मात्र असा खुलला, की ताईंनी तो तसा कधी पाहिलाच नव्हता. ‘काम बरे’ लिहून त्यांनी सही केली. मग थोडा विचार करून मध्ये ‘खरोखर’ घातलं.

समिती पुन्हा तोंड वाकडं करणार, हे जिना उतरतानाच ताईंना कळून चुकलं. साहेबांचा, समितीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा त्यांना संताप आला. केबिन हातची गेली होती.

घरी नवऱ्याने दारातच विचारलं, “काय म्हणाले साहेब?”

“माझं काम खरोखर बरं आहे म्हणाले.”

“एवढंच?”

“एवढंच,” म्हणत ताईंनी तो कागद पुन्हा एकदा उघडून वाचला, आणि त्याचाही त्यांना रागच आला.