दाजींच्या टेम्पोतून उनाईला

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालन्याला ताईचं पत्र आलं: 'तुझ्या दाजींना लायसन्स मिळालं. देवीला नवस बोलले होते, तू आलास की उनाईला जाऊ.' मी लगेच रजा टाकली आणि ताईकडं डिंडोलीला पोचलो.

दाजी तिथून जवळच बमरोलीत चौदा वर्षं पॉवरलूम चालवत होते. मागांच्या खटखटीत कुणाला कुणाचं ऐकू येत नाही; कामगार एकमेकांच्या ओठांकडं बघूनच बोलतात. दाजींचे कान त्यात पार गेले होते. समोर उभं राहून बोललं तर सगळं कळायचं, पाठीमागून हाक मारली तर काहीच नाही. शेठनं शब्द दिला होता, गाडी शिकलास तर पुढच्या महिन्यापासून टेम्पोवर घेतो. माग सुटणार म्हणून ताई नुसती हरखली होती.

"शिकलात कुठं?" मी विचारलं.

"कारखान्यामागच्या मैदानात. सहा रविवार!"

"आणि परीक्षा?"

"एजंटनं केलं सगळं. डाक्टरचा कागदबी सही होऊन घरीच आला."

आम्ही तिघंही हसलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

सकाळी शेठचा टेम्पो मागून घेऊन निघालो. दाजी, मधे मी, खिडकीशी ताई. बारडोलीपर्यंत रस्ता चांगला, पुढं अरुंद, आणि थंडीत उसाच्या बैलगाड्यांची रांग. बारडोलीत गरम पातरा, आपल्या अळूवडीसारखा, खाल्ला. तुम्ही गेलात तर चुकवू नका. दाजी हळूच चालवत होते, पण मी काही बोललो की मान वळवून माझ्या तोंडाकडं बघायचे. दोनदा टेम्पो कडेच्या मातीत उतरला. ताई म्हणाली, "अहो, पुढं बघा." तिच्याकडंही त्यांनी वळूनच पाहिलं. मी बोलणं थांबवलं. मला सगळं कळलं होतं, पण दाजींचा एवढा आनंदाचा दिवस कशाला नासवावा, म्हणून गप्प बसलो.

उनाईचं गरम पाण्याचं कुंड खरंच कढत आहे. पाय बुडवायला धीर लागतो. ताईनं ओटी भरली, दाजींनी लायसन्स देवीपुढं ठेवून नमस्कार केला. जेवून दुपारी परत फिरलो.

बुहारी सोडल्यावर मागून ट्रकचा हॉर्न सुरू झाला. त्याला पुढं जायचं होतं. दाजी रस्त्याच्या मधोमध, आपल्याच नादात. हॉर्न अगदी कानाशी आला तेव्हा मला राहवलं नाही. "दाजी, मागं ट्रक!" मी ओरडलो.

"काय म्हणलात, पाव्हणं?" ते पूर्ण वळले आणि माझ्या ओठांकडं बघू लागले.

टेम्पो डावीकडं घसरला. कडेनं डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई चालली होती. मला आधी भारा दिसला, मग आवाज आला.

त्याच टेम्पोच्या मागच्या बाजूला तिला घालून आम्ही दवाखान्यात नेलं. ती वाटेतच गेली होती. पोलिसांनी कागद तपासले. कागद सगळे बरोबर निघाले.

तिचा नवरा आला तेव्हा तो ओरडला नाही की अंगावर धावला नाही. व्हरांड्यात बसलेल्या दाजींजवळ टेकला आणि खाली मान घालून हळूच म्हणाला, "भाई, तमे एने जोई हती?" तुम्ही तिला पाहिलं होतं का?

दाजींना ते ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही की ते लोकांसमोर मान डोलवायचे, लाजेपोटी. तशीच त्यांनी डोलवली.

त्या माणसानं मान वर करून ते पाहिलं. मग उठून गेला.

मी दोन पावलांवर होतो. 'त्यांना ऐकू येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण हवालदार शेजारी होता, आणि कान गेल्याचं कळलं तर लायसन्स जाईल, हे माझ्या मनात आधी आलं. ताईनंही माझा हात दाबला.

एवढं करूनही लायसन्स काही राहिलं नाही, अपघाताच्या केसमध्ये ते गेलंच. शेठनं किल्ली काढून घेतली आणि दाजी परत मागावर उभे राहिले. मी जालन्याला आलो. पुढं रीतसर शिकून, परीक्षा देऊन गाडी चालवायला लागलो. शेजारी बसणाऱ्यांना मी बोलू देत नाही, त्यावरून घरात माझी चेष्टा होते.

पण त्या माणसाला मी काहीच सांगितलं नाही. त्याच्या बायकोला आम्ही बघून उडवलं, असंच समजून तो जगला असेल.