तेल प्यायलेला दगड

गल्लीत त्याला 'रंधा' म्हणत. धंद्याने सुतार म्हणून नव्हे. बोलायला लागला की समोरच्याची सालं काढायचा म्हणून. आता गुडघे गेले होते, खरा रंधा खुंटीला लागला होता आणि त्याच्या सुतारखान्यात लेकीने दगड कापायचं यंत्र बसवलं होतं. बापाने जन्मभर लाकूड कापलं, लेक दगड झालेलं लाकूड कापते. घराण्याची प्रगती म्हणायची, दुसरं काय!

दाराशी एक ओंडका होता. तरुणपणी त्याने तो नदीकाठून हातगाडीवर घालून आणला. एवढा जड कसा, तर "पाणी प्यायलंय." पहिल्याच कापाला करवतीचे दात पडले. चूक कबूल करायची तर रंधा कसला? "लाकूड जुनं आहे, मुरू दे," म्हणत तो दरवर्षी त्याला जवसाचं तेल पाजू लागला. बायको त्यावर एक पाय दुमडून बसायची, पदर सावरत बशीतून चहा प्यायची. "पाजा, पाजा. एक दिवस पालवी फुटेल." ती गेली. तेल चालू राहिलं.

एके सकाळी लेक म्हणाली, "बाबा, टेबलासाठी गिऱ्हाइकाला एवढ्याच रुंदीची फळी हवीय. हा ओंडका घेऊ?"

"ते लाकूड आहे."

"होतं. झाड गाळात गाडलं गेलं, हवा लागली नाही म्हणून कुजलं नाही. पाण्यात विरघळलेली सिलिका पेशीपेशीत शिरून घट्ट झाली, ते खनिजभरण. मग उरलंसुरलं लाकूडही गेलं आणि त्याच्या जागी खनिज बसलं, ते प्रतिस्थापन. सगळं मिळून अश्मीभवन."

"म्हणजे भाडेकरू आला नि मालक झाला."

"हो, पण एक भिंत हलवली नाही त्याने. वलयं बघा, जिथल्या तिथे आहेत."

त्याने वाकून कडेवरून अंगठा फिरवला. खरंच होतं. त्याला उगाच वाटलं, बायको असती तर आज चांगलीच हसली असती.

"काप," तो म्हणाला आणि आत चहा टाकायला गेला.

कपबशी घेऊन बाहेर आला, तर ओंडका यंत्रापाशी ढकलून लेक दमून त्याच्यावरच टेकली होती. एक पाय दुमडलेला, पदर नसतानाही खांद्यावरून काहीतरी सावरत. त्याच्या हातून चहा घेऊन तिने बशी गुडघ्यावर ठेवली, फुंकर मारली.

रंध्याने जाऊन यंत्राचं बटण बंद केलं.

"गिऱ्हाइकाला सांग," तो म्हणाला, "लाकूड अजून वाळलेलं नाही."

लेकीने बशीवरून त्याच्याकडे पाहिलं. "कधीपर्यंत वाळेल म्हणून सांगू?"

"आधी चहा पी."