केसपेपरची मागची बाजू

"डाक्टर, आई गेली..." केडगावहून शालन सिस्टरांच्या मुलीचा, वर्षाचा, फोन होता. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "कशानं?" वर्षा "बीपी" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. दौंडच्या माझ्या दवाखान्यात मी तशीच बसून राहिले. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, "लगीच रोगाकडं धावला का, डाक्टर?"

आमची गाठ पडली ती नव्वदच्या दशकात, वडगाव रासाईच्या बाजूला, भीमेकाठच्या एका आरोग्य केंद्रात. मी पुण्याहून आलेली इंटर्न. डिग्री अजून हातात यायची होती, ऐट मात्र पुरेपूर. सिस्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात रबरी चपला. त्यांचा एक नेम होता. इंटर्ननं केसपेपरवर पुढं इंग्रजीत काय ते लिहावं, पण मागच्या कोऱ्या बाजूला पेशंटचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. तो "व्हय" म्हणेपर्यंत सिस्टर पेपर हातात घेत नसत. मला भयंकर राग यायचा. व्हरांड्यात ही रांग, आणि आम्ही निबंध लिहीत बसायचं!

टीबीचे एक आबा होते. दोन आठवड्यांतच त्यांनी गोळ्या बंद केल्या. मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "मराल अशानं," असंही म्हणाले... आज लिहितानाही लाज वाटते. पेपरच्या मागं लिहिलं, 'गोळ्या नको म्हणतात.' सिस्टर म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं. आबा म्हणाले, "नको न्हाई म्हणलो म्या."

सिस्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या आणि मला खुणेनं गप्प केलं. मग जमिनीकडं बघत आबा पुटपुटले, "लगवी लाल व्हतीया, बाई. रगात जातंय. डाक्टरीण पोरीवाणी... तिला कसं सांगावं?"

त्या गोळ्यांनी लघवीला लाल रंग येतो, त्यात भिण्यासारखं काही नसतं, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. सिस्टर मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. "आता तुमीच सांगा त्यांना," एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं, ओळ खोडली, नवी लिहून वाचली. "व्हय," आबा म्हणाले, "आता माजं हाय." त्यांनी औषध पुरं घेतलं आणि बरे झाल्यावर धोतराच्या सोग्यात वांगी घेऊन आले.

पुढं दौंडला माझी प्रॅक्टिस वाढली आणि मागं लिहिणं सुटलं. सिस्टर निवृत्त होऊन केडगावला राहिल्या. पुण्याला जाताना गाडी तिथं थांबली की वाटायचं, उतरावं... उतरले क्वचितच. याची बोच आता जन्मभर राहणार.

सिस्टरांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुण्यांची गर्दी ओसरली, तेव्हा मी गेले. वर्षाची माफी मागितली आणि म्हटलं, "सांग, काय झालं?" ती तासभर बोलत होती. मी पर्समधून केसपेपर काढला, उलटा केला आणि लिहीत गेले. मग वाचायला लागले. 'सकाळी चहा दिला, तर आई नको म्हणाली...'

"नको न्हाई म्हणली," वर्षानं मला थांबवलं. "'ठेव, मागनं घेते' म्हणली."

मी ओळ खोडली. 'ठेव, मागनं घेते' असं लिहिलं आणि पुन्हा वाचलं.

"व्हय," वर्षा म्हणाली आणि त्या तासाभरात पहिल्यांदा रडली. "ही माझी आई."