वरच्या मजल्यावरची कॉम्प्युटरपरीक्षा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना न विचारता मुलुंड पूर्वेत ज्याने कॉम्प्युटर घेतला, तो एक तर इथे नवा राहायला आला असावा, नाही तर त्याला मनःशांतीचं वावडं असावं. हे मत माझं नाही, काकांचं आहे. पण ते इतक्या ठामपणे मांडलं जायचं की त्यांच्या खाली काही वर्षं राहिलेल्या माणसाला ते आपलंच वाटू लागे.

काकांची सगळी नोकरी छताचे पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात झाली. कॉम्प्युटरमध्येही पंखा असतो हे निवृत्तीनंतर त्यांना कुणी तरी सांगितलं आणि तिथून त्यांच्या अधिकाराला सुरुवात झाली. "कॉम्प्युटर म्हणजे शेवटी काय रे, एक पंखा आणि त्याच्याभोवती थोडी भानगड," असं ते म्हणत. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र कॉम्प्युटर नव्हता. परीक्षकाने परीक्षेला बसायचं नसतं, एवढंच त्यावर त्यांचं उत्तर असे. बाकीचे लोक दुकानात जाऊन वेग किती, जागा किती हे विचारतात. काकांच्या लेखी प्रश्न दोनच होते. खोकं उघडल्यापासून यंत्र चालू होईपर्यंत घरातल्या माणसांचे आवाज एकमेकांवर किती चढतात, आणि बिघडल्यावर कंपनी ओळख दाखवते का. "चाललंय तोवर सगळ्याच कंपन्या सोयरे असतात," ते सांगत, "अडलं की कोण दाराला कडी लावतं ते बघायचं."

कंपन्यांची नावं ते घेत नसत, रंगावरून ओळखत. काळा चालू होताना मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंसारखे प्रश्न विचारतो. चंदेरी काहीच विचारत नाही, सगळं परस्पर ठरवून मोकळा होतो. त्याच्या मदतीच्या फोनवर माणसं फार गोड बोलतात, पण दर वेळी निराळीच, त्यामुळे रामकथा पहिल्या कांडापासून सांगावी लागते. निळ्या खोक्यातला सुरू व्हायला रडतो, पण मग त्याचा माणूस संध्याकाळी आपणहून फोन करतो. हे ज्ञान ऐकीव नव्हतं. भांडुपच्या मेव्हण्याकडे असो की घाटकोपरच्या जुन्या सहकाऱ्याकडे, नवं खोकं आलं की काका तिथे हजर असत आणि मधोमध खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसत. "मी हात लावणार नाही. मी हात लावला की निकाल बिघडतो." आमच्याकडे काळा आला तेव्हा पासवर्ड मुलीच्या नावाने ठेवायचा की आईच्या, यावरून माझी आणि बायकोची जुंपली. काका शांतपणे चहा पीत होते. बायको रागाने आत गेल्यावर म्हणाले, "इथे काळ्याचे मार्क गेले."

परीक्षेचा दुसरा पेपर तोंडी असे. रविवारी ऐन जेवणाच्या वेळी काका तिन्ही कंपन्यांना आळीपाळीने फोन लावत आणि नसलेल्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय अशी तक्रार करत. एकदा निळ्याचा मुलगा पलीकडून म्हणाला, "सर, गेल्या रविवारीही तुमचाच पंखा होता ना?" दुसरा कुणी असता तर त्याने ओशाळून फोन ठेवला असता. काका आठवडाभर खुशीत होते. "बघ, ओळख ठेवली पोराने."

या संशोधनात काकूंचं काम अडेल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं. काकू बरीच वर्षं घरबसल्या एका दिवाळी अंकाची मुद्रितं तपासतात. या वर्षी संपादकांचा फोन आला की पानं आता कागदावर येणार नाहीत, कॉम्प्युटरवर येतील. गणपतीपर्यंत सोय झाली नाही तर काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. काकूंनी हे सांगितल्यावर काकांना आनंदच झाला आणि त्यांनी सगळी परीक्षा नव्याने सुरू केली, कारण आता प्रश्न स्वतःच्या घराचा होता. गणपती तोंडावर आले तरी निकाल लागेना.

"निळ्याची पावसाळ्यातली सेवा अजून बघायची आहे," काका म्हणाले.

"अहो, तुमचं बघून होईपर्यंत माझं काम गेलेलं असेल," काकू म्हणाल्या.

एका दुपारी काका कुणाचं तरी खोकं उघडताना बघायला घाटकोपरला गेले, तशा काकू खाली आल्या. "चल रे जरा स्टेशनजवळच्या दुकानात." कुठला दाखवू, असं दुकानदाराने विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आज घरी नेता येईल तो." तो काळा निघाला. घरी आणून त्यांनी एकटीने सुरू केला. अटी आणि नियम म्हणून जी लांबलचक पानं येतात, ती पूर्ण वाचणारी व्यक्ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांत त्यांना मराठीच्या दोन चुका सापडल्या. काका परतले तेव्हा पडदा उजळलेला होता.

"झाला सुरू?"

"झाला."

"भांडण?"

"कुणाशी करणार? तुम्ही कुठे होता?"

पुढे काही दिवस त्या खोलीतून जाताना काका यंत्राला वळसा घालून जात.

पहिल्या खेपेची पानं परत पाठवायच्या दिवशी सकाळीच पडदा काळाठिक्कर पडला. मला वर बोलावलं तेव्हा काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि काका स्पीकर लावून फोनवर होते. मी त्यांच्या परीक्षकी आवाजाची वाट पाहत होतो. "अहो, जरा बघता का," ते म्हणत होते, "हिची पानं आत अडकलीत. आजच द्यायचीत. नाही तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत तिला." पलीकडच्या मुलीने बटण दाबून धरायला सांगितलं. काकांनी अंगठा असा रोवला की नख पांढरं पडलं. तिने सोडा म्हटलेलं त्यांना ऐकूच गेलं नाही.

"अहो, सोडा," काकू म्हणाल्या. "ती सोडा म्हणतेय."

पडदा उजळला, पानं जागच्या जागी होती. काकांनी फोन ठेवला आणि दुखरा अंगठा चोळला. "या बाजूने फार निराळं लागतं रे हे," ते मला म्हणाले.

तेव्हापासून रविवारचे फोन बंद आहेत. भांडुपच्या मेव्हण्याने प्रिंटर घेतला तेव्हाही काका गेले नाहीत. "दुपारी मला काम असतं," असं त्यांनी कळवलं. काम असं की काकू पडद्यावर नजर ठेवून बसतात आणि लेखकाचं हस्तलिखित हातात धरून काका मोठ्याने वाचतात, विरामचिन्हांसकट. परवा मी नवा लॅपटॉप घेतला, पुन्हा काळाच. मधल्या खुर्चीवर कुणीच नव्हतं. आम्हाला धड भांडताही आलं नाही, आणि काळ्याचे मार्क गेले की राहिले हे सांगणारंही कुणी नव्हतं. वरून तेवढा काकांचा खणखणीत आवाज येत होता. "ती दाराशी थांबली स्वल्पविराम, पण तिने मागे वळून पाहिलं नाही पूर्णविराम."

"जरा सावकाश वाचा," काकू म्हणाल्या. "तिला थांबू तर द्या."