ठाऊक नसलेलं विचारा

पडदा वर जातो. समोर पत्र्याच्या छपराची लांबट खोली. डावीकडे पाण्याचा माठ, उजवीकडे चौदा इवल्या चपलांचे जोड, एकही धड सरळ नाही. मधोमध सतरंजी, तिच्यावर ओल्या तुरीच्या शेंगांचा ढीग आणि ढिगाभोवती चौदा लेकरं. उजेड पूर्वेच्या खिडकीतून येतोय, जानेवारीतला, कोवळा. चाळीस वर्षं मी तोंडाला रंग लावला, पण असा उजेड कुठल्याही नाटक मंडळीनं मला दिला नाही. ढिगापाशी मांडी घालून बसलेली हिरव्या सुती साडीतली बाई म्हणजे सरिता खोब्रागडे.

जागा नागपूरच्या कडेला, चिंचभवनच्या पलीकडे, मोठ्या रोडपासून बरीच आत. मिहानमधल्या कंपन्यांत साफसफाईला, कँटीनला जाणाऱ्या बायांची लेकरं सकाळी आठपासून इथं असतात. एक संस्था हे पाळणाघर चालवते. मी शेजारी राहतो. वाघाचा आणि खाष्ट सासूचा आवाज काढायला रोज हजेरी लावतो. मुलं मला नानाजी म्हणतात, म्हणून सरिताही.

सरिता पारशिवनीकडची. दहावी झाली, लग्न होऊन नागपुरात आली, काही वर्षं मंडईत संत्री निवडली आणि मग सेविका म्हणून या खोलीत शिरली ती एकोणीस वर्षांपूर्वी. सुरुवातीला तीही संस्थेनं दिलेली चित्रं दाखवायची. हे काय आहे? हा कोण आहे? एक दिवस जितेंद्र नावाचं चार वर्षांचं पोरगं तिच्याकडे फार कळवळून बघत म्हणालं, "मावशी, तुले एवढंबी येत नाही? रोज विचारते."

सगळ्या पोरांना तिची दया आली. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. सरिता तीन दिवस हसत होती. मग तिनं चित्रांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. तेव्हापासून तिचा एकच नियम: आपल्याला ठाऊक आहे ते लेकरांना विचारायचं नाही. घरी काल सगळ्यात आधी कोण झोपलं? या शेंगेत दाणे किती असतील, फोडायच्या आधी सांगा. आईची चप्पल कशी तुटली? विचारायचं आणि थांबायचं. किती थांबायचं? उत्तर येईपर्यंत.

माझ्यासारख्या नटाला ते थांबणं सोसत नाही. रंगमंचावर कोणी वाक्य विसरला की आतून कुजबुज आलीच पाहिजे.

त्या सकाळी संस्थेच्या कामिनी मॅडम आल्या. तरुण, हुशार पोरगी, घामाघूम झालेली. हातात चित्रांची दहा कार्डं आणि एक फॉर्म. दहापैकी निदान पाच चित्रं ओळखली नाहीत तर मुलाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विशेष केंद्रात पाठवायचं, असा नवा नियम निघाला होता. तेरा मुलं धडाधड बोलली. उरली पायल. साडेतीन वर्षांची, परक्या माणसापुढे तोंड न उघडणारी. तिला तिकडे पाठवलं असतं तर तिच्या आईला, मोनालीला, मिहानची नोकरी सोडावी लागली असती. तिला पोचवून आणून कामावर वेळेत जाणं शक्यच नव्हतं.

मॅडमनी सफरचंदाचं कार्ड धरलं. "हे काय आहे, बेटा?"

पायल कार्डाकडे बघत राहिली. मग मॅडमकडे. माझ्या जिभेला खाज सुटली. मी दाराआडून हळूच म्हणालो, "सफरचंद..."

"नानाजी!" सरिता कडाडली. "हे नाटक नोहे. चूप बसा."

चाळीस वर्षांत दिग्दर्शकानंही मला असं झापलं नव्हतं.

दहा कार्डं झाली. मॅडमनी दहा शून्यं मांडली आणि फॉर्म सरितापुढे केला. सेविकेच्या सहीशिवाय तो पुढे जात नाही. "सही करा, सरिताताई. पोरगी बोलत नाही."

"बोलते. तुमाले ठाऊक आहे तेच तुमी विचारून राहिल्या. ती कायले सांगन?"

"मग काय विचारू?"

"तुमाले ठाऊक नाही ते."

मॅडम वैतागल्या. "मला हेच ठाऊक नाही, की तुमच्या या जागेपर्यंत धड रस्ता तरी कुठून आहे! तीनदा चुकले मी आज."

"मंग ते विचारा तिले."

मॅडमनी चिडूनच विचारलं, "सांग बाई, मोठ्या रोडवरून इकडे कसं यायचं?"

माठावर टाकलेल्या ओल्या फडक्यातून थेंब पडत होता, मी तेरा मोजले. मॅडमनी घड्याळ बघितलं. सरितानं एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मी तोंडावर हात दाबून धरला.

"जिथं बस थांबते न," पायल म्हणाली, "तिथं आमचं घर आहे."

कोणी हललं नाही.

"मंग आटाचक्की. तिथं नाक झाकाचं. मंग विहाराच्या भिंतीले हात लावत लावत याचं. मंग म्हशी."

"म्हशी?" मॅडम खाली बसल्या. "मग?"

"पळाचं नाही. आपण पळलो का ते बी पळते. मंग हे." आणि तिनं आमच्या दाराकडे बोट केलं.

मॅडमच्या चेहऱ्यावर खरंखुरं हसू आलं. मी ते पाहिलं. पण नोकरी नोकरी असते. "रस्त्याचा प्रश्न फॉर्ममध्ये नाही हो. चित्रांपुढे शून्यच राहणार. सही तेवढी करा."

सरितानं फॉर्म घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं: बस, आटाचक्की, विहार, म्हशी, सगळं, नाक झाकण्यासकट. खाली लिहिलं, 'पायलनं आज स्वतः सांगितलं.' आणि त्याखाली सही ठोकली. पुढच्या बाजूची सहीची जागा कोरीच ठेवली.

"असं चालत नाही, ताई. वरून नोटीस येईल. तुमचं काम जाऊ शकतं."

सरितानं फॉर्म त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा ढिगापाशी जाऊन बसली.

"येऊ द्या नोटीस. तुमीच घेऊन या, मॅडम. पण येतानी पायलच्या रस्त्यानं या, तिकडून जवळ पडते."