बाईंचा अडलेला प्रिंटर

“न्हाई कसं? बघू तर,” म्हणत बाई हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायच्या. बांगड्या वर गेल्या की समजायचं, आता माघार नाही. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच.

अंबडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. बाई मूळच्या धावड्याच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान, आमचे सर, हायस्कूलला मराठी शिकवायचे. सरांना लकवा मारला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, रोज मोठ्या अक्षरात शब्द दाखवा, म्हणवून घ्या. बाईंनी लेकीचा जुना प्रिंटर मागवला आणि रोज सकाळी एक पान काढू लागल्या. पाणी. चहा. उशी. सरांचे ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही.

चार महिन्यांनी प्रिंटरही अडला. लाल दिवा लुकलुकायचा, कागद आत ओढला जायचा नाही. दुकानदार म्हणाला, “जुनं मॉडेल हाय, नवीन घ्या.” मी कोर्टात टायपिंग करतो, म्हणून बाईंनी मला हाक मारली. मी दोन बटणं दाबून पाहिली.

“गेला हा, बाई.”

“न्हाई कसं? बघू तर.”

त्यांनी वायर काढली, झाकण उघडलं आणि आत उजेड पाडायला बॅटरी माझ्या हाती दिली. “नीट धरा. कोर्टात असंच काम करता का?” रबरी रोलरमागून त्यांनी चिमट्यानं नखाएवढा कागदाचा तुकडा ओढून काढला. रोलर ओल्या फडक्यानं पुसला, वाळू दिला. चालू केलं. दिवा लालच.

मी उठलो. बाई उठल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. मग एक बटण दाबून धरलं आणि मला वायर लावायला सांगितली. “आता सोडू नका म्हणलंय पुस्तकात, दिवा हिरवा होईस्तोवर.” अंगठा पांढरा पडला तरी बाईंनी बटण सोडलं नाही.

दिवा हिरवा झाला. बाईंनी त्या दिवसाचा शब्द छापायला दिला. कागद तिरपा सरकत बाहेर आला. बाईंनी तो तसाच सरांपुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, ‘खिडकी’.

सरांनी पान पाहिलं. कपाळाला आठी पडली. वहीतली चूक दिसल्यावर पडायची, तशीच.

“वा... वाकडं,” सर म्हणाले.

बाई एकदम हसल्या, डोळे पुसले आणि प्रिंटरमधली कागद धरणारी पट्टी सरळ करायला वळल्या. “वाकडंच हाय, सर. थांबा, सरळ काढून देते.”

त्यानंतर सर हळूहळू बोलू लागले.

गेल्या महिन्यात दोघं लेकीकडे राहायला गेले. सामानाच्या टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. सर काचेतून बोट दाखवत चौकातली एक पाटी अक्षर अक्षर लावून वाचत होते. ड्रायव्हरनं गिअर टाकला, तशी बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“दादा, जरा दम धरा. त्यांची पाटी वाचायची राह्यली.”